समासातली नावे

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. अंगाने चपटा, रंगाने मळकट, वर झाकण आणि आत काच. कल्याणच्या सुजनमित्र वाचनालयात, कपाटामागच्या एका फळीवर मी पडून असतो. माझ्या झाकणावर दोन फाटके शब्दकोश आणि एक बंद पडलेले घड्याळ ठेवले आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या, की आपण किती उपयोगी पडलो तेच सांगतात. छत्री म्हणते, मी किती डोकी कोरडी ठेवली. खुर्ची म्हणते, मी किती मोठ्या माणसांना बसवले. मलाही तसे पुष्कळ सांगता येईल. पण माझ्याकडून एक वाईट गोष्ट घडली आहे. ती सांगितली नाही, तर बाकीचे सांगण्यात काही अर्थ नाही.

माझे काम काय असते, ते आधी समजून घ्या. काचेवर कागद पालथा ठेवायचा आणि झाकण लावायचे. मग माझ्या पोटातला दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकत जातो. त्याच्या उजेडात मला जे दिसते, ते मी शेजारच्या संगणकाला सांगतो. लक्षात ठेवणे हे त्याचे काम. मी पाहतो, सांगतो आणि विसरून जातो. दुसरे पान आले की पहिले गेलेच. विसराळू माणसावर लोक रागावतात, पण माझ्या विसरण्याला कोणी नावे ठेवली नाहीत, कारण मला तसेच बनवले होते.

माझा जन्म परदेशातला. त्याबद्दल मला फारसे आठवत नाही आणि तुम्हालाही त्यात गोडी वाटणार नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले १९९६ सालच्या गुढीपाडव्याला. वाचनालयाला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून एका जुन्या सभासदाने संगणक आणि मी अशी जोडी भेट दिली. खोके उघडले, तेव्हा वाचनालयातले सगळे गोळा झाले होते. ग्रंथपाल चांगदेव सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "आता जुनी पुस्तके मरणार नाहीत." ते वाक्य ऐकून माझी छाती फुगली. पुढे त्याच वाक्याची मला लाज वाटू लागली.

मला चालवायचे काम कुंडलिकरावांकडे आले. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तीस यंत्रे एका वेळी खडखडत असत म्हणे. पुढे कचेऱ्यांत संगणक येऊ लागले, क्लास ओस पडला आणि कुंडलिकराव चाळिशीत नवी विद्या शिकून वाचनालयात लागले. माणूस अतिशय नेटका होता. त्यांच्या क्लासात पानावर एक डाग पडला, एक अक्षर खोडले, की सबंध पान पुन्हा टाइप करावे लागे. "कागद कसा पाहिजे? दुधासारखा!" असे ते म्हणत. त्यांचा दोष काढायचा म्हणून हे सांगत नाही. दोष कोणाचा, ते तुम्ही शेवटी ठरवा.

त्या वर्षी खंडेनवमीला कुंडलिकरावांनी माझी पूजा केली. टाइपरायटरची करत असत, तशीच. हळद, कुंकू, झेंडूचे फूल, समोर पेढा. पूजेतले चिमूटभर कुंकू काचेच्या फटीतून आत सांडले आणि त्यातला एक कण काचेच्या खालच्या बाजूला चिकटून बसला. तो कोणाला पुसता येईना. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानावर, उजव्या कोपऱ्यात, एक बारीक काळा ठिपका उमटू लागला. कुंडलिकराव चिडत, आणि चांगदेव सर म्हणत, "राहू दे रे. सौभाग्याचे लेणे आहे ते." हा ठिपका लक्षात ठेवा.

दसऱ्यानंतर वाचनालयात एक पत्र्याची ट्रंक आली. कल्याणात पूर्वी सीतारामपंत नावाचे एक संपादक राहत. ते 'गृहमंजिरी' नावाचे बायकांसाठीचे मासिक काढत. मासिक चौदा वर्षे चालले आणि स्वातंत्र्याच्या आधीच बंद पडले. पंतांचे घर पाडून तिथे इमारत होणार होती, म्हणून त्यांच्या नातवाने पंतांची स्वतःची प्रत, वर्षावर्षाचे बांधीव खंड, वाचनालयाला देऊन टाकली. दुसरीकडे कुठेही 'गृहमंजिरी'चे सगळे अंक शिल्लक नव्हते. चांगदेव सरांनी ट्रंकेला हात लावला तोच हळुवारपणे. म्हणाले, "कुंडलिक, हे पहिले घे. कागद पापडासारखा झालाय."

खंड जाड होते, काचेवर सपाट बसेनात. म्हणून कुंडलिकरावांनी शिवण उसवून पाने सुटी केली. मग त्यांनी मला कसे पाहायचे ते नेमून दिले. मित्रांनो, मला दोन तऱ्हांनी पाहता येते. एका तऱ्हेत मी काळे, पांढरे आणि त्यांच्या मधले सगळे करडे पाहतो. पण मग एकेका पानाला संगणकात आठपट जागा लागते आणि वेळही फार जातो. दुसरी तऱ्हा सोपी. प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारायचा, तू काळा की पांढरा? मधले काही चालत नाही. जे गडद ते काळे, जे फिके ते पांढरे. संगणकात जागा थोडी होती आणि पाने चार हजारांच्या वर. कुंडलिकरावांनी दुसरी तऱ्हा निवडली. पिवळे डाग, बुरशी, वाळवीच्या वाटा, सगळे एका फटक्यात पांढरे झाले. पडद्यावर छपाई काळीशार उठून दिसू लागली. कुंडलिकराव इतके खूश झाले की त्यांनी सरांना हाताला धरून आणले.

आता जे सांगतो ते नीट ऐका. त्या खंडांच्या समासांत शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिलेले होते. सगळ्या पानांवर नाही, काही लेखांच्या नावाजवळ. साठ वर्षांत शिसे पुसट झाले होते. चांगदेव सरांचा अशा लिहिण्यावर फार राग. वाचक पुस्तकांत खरडतात, 'छान', 'वा', 'हे चूक आहे', म्हणून त्यांनी जन्मभर खोडरबर खिशात ठेवला होता. वाचनालयाच्या दारावरच पाटी होती, 'पुस्तकात काहीही लिहू नये'. पडद्यावर समास कोरे पाहून ते हसले.

"अरे, वाचकांच्या खरडी पण गेल्या की!"

"गेल्या ना सर," कुंडलिकराव म्हणाले. "एकदम क्लीन. रबर मारायची गरजच नाय."

ती अक्षरे मी पाहिली होती. दिवा त्यांच्यावरून गेला तेव्हा मला तिथे फिकट करडे काहीतरी दिसले होते. पण मला करडे म्हणायची परवानगी नव्हती. काळे की पांढरे, एवढेच विचारले होते. मी पांढरे म्हणालो. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि कुंकवाचा तो कण मात्र मी प्रत्येक पानावर इमानेइतबारे काळा उमटवत राहिलो.

सात-आठ महिन्यांत काम पुरे झाले. सगळी पाने संगणकाच्या चकत्यांवर चढली. एका वर्तमानपत्राच्या ठाणे-कल्याणच्या पुरवणीत माझे छायाचित्र आले. शाळांच्या सहली मला बघायला येऊ लागल्या. मुले झाकणावर बोटे उमटवीत आणि कुंडलिकराव मागून फडक्याने पुसत. मला मात्र त्या कौतुकाने चढले होते.

पुढे दिवाळीची साफसफाई निघाली. सुट्या झालेल्या पानांचा भुगा होत होता, वास येत होता, जागा अडत होती. कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं? मग कागद कशाला?" चांगदेव सर जरा घुटमळले. त्यांनी कुंडलिकरावांना विचारले, "सगळे नीट आले आहे ना रे?" कुंडलिकरावांनी पडद्यावर दहा-बारा पाने उघडून दाखवली. दुधासारखी पाने! दुसऱ्या दिवशी रद्दीवाला उत्तम आला आणि ट्रंकेसकट घेऊन गेला. मी टेबलावरून पाहत होतो. तेव्हा मला काहीच वाटले नाही. हेच आता सर्वांत जास्त बोचते.

या पानांचा अभ्यास करायला डोंबिवलीहून सरस्वती मॅडम येत. त्या महाविद्यालयात मराठी शिकवत. जुन्या काळात लिहिणाऱ्या बायकांवर त्या प्रबंध लिहीत होत्या. दर शनिवारी येऊन त्या संगणकापुढे बसत आणि 'गृहमंजिरी'ची पाने वाचत. आधी जे शोधायला गावोगाव हिंडावे लागे, ते इथे एका खुर्चीत मिळते, म्हणून त्या मला फार मान देत. जाताना झाकणावर टकटक करून "येते हं" म्हणत.

त्यांना एका गोष्टीने पछाडले होते. चौदा वर्षांत एकेचाळीस लेख 'एक भगिनी' या नावाने छापलेले होते. सगळ्यांत धीट लेख तेच. कोणता सासरच्या छळावर लिहिलेला, कोणता केशवपनावर, कोणता शाळा सोडावी लागण्यावर. ही भगिनी कोण? मॅडमनी वर्षभर शोध घेतला. एकही धागा मिळेना. छापील पानांवर खूण नाही, समास कोरे. शेवटी त्यांनी ठरवून टाकले, की ही भगिनी मुळी नव्हतीच. सीतारामपंतच बायकांच्या नावाने लिहीत असणार. तसा एक सबंध भाग त्यांनी लिहून काढला. जानेवारीत तो चांगदेव सरांना वाचून दाखवला, तेव्हा मी ऐकत होतो. प्रबंध मार्चमध्ये द्यायचा होता. एकदा तो छापला गेला असता, तर पुढच्या सगळ्यांनी तेच खरे मानले असते.

आणि मग १९९८च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, दोन बायका वाचनालयाचा जिना चढून वर आल्या. पुढची ऐंशीच्या घरातली. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे, केसांत अबोलीचा गजरा, एका डोळ्यात फूल पडलेले. मागे तिची सून हातात पिशवी घेऊन धापा टाकत होती.

"शीलफाट्यावर तासभर बस उभी," सून खुर्चीवर टेकत म्हणाली. "मी बोलले आयेला, पेपरात आलं म्हनून काय एवढ्या लांब जायाचं? पन ऐकते कुठं!"

"तू गप ग जना," म्हातारी म्हणाली आणि चांगदेव सरांकडे वळली. "मना गृहमंजिरी बगाची हाय."

"बसा आजी. कुंडलिक, पाणी दे. कुठून आलात?"

"कोलशेतशी. मी मनुबाई. नातीनं पेपर वाचून दाखवला. तुमचे मशिनीत माजं नाव हाय."

कुंडलिकरावांनी यादी काढली. छापील लेखकांची सगळी नावे त्यांनी संगणकात घातली होती. खालीवर पाहिले आणि मान हलवली. "मनुबाई नाय दिसत, आजी."

"दिसंल कसं? छापलंच नाय. छापलंय एक भगिनी."

सरस्वती मॅडम पलीकडच्या टेबलावर लिहीत होत्या. त्यांचा हात थांबला. जनाबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "हे बगा, घरी रोज हेच. आमचे मालक बोलतात, आये, तुजी सही आली तरी लय जालं. आता कोन दाखवनार हिला?"

"आजी, तुम्ही लिहिलं होतंत?" मॅडमनी खुर्ची जवळ ओढली.

"लिवलं म्हंजे? मी सातवी पास. आमचे गावात तवा दुसरी पोरगी शालेत नव्हती. बापाचे होरीतून मासली घेऊन कल्यानला यायची. पंतांचे गल्लीत आमची गिऱ्हाइकं. एक दिवस कागुद लिवला नि पंतांच्या हातात दिला. बोलले, नाव छापू नका. जमातीला कललं तर माजे बापाला दामाजीला सगल्यांसमोर उभा करतील."

"मग?"

"मग म्हयन्यानं गेले, तर अंकात एक भगिनी! मी बोलले, ही कोन? ही मी नाय. मना रडूच आलं. तवा पंतांनी कानावरची पेनशिल काढली नि त्याच्या बाजूला, कडंला, लिवलं. मनू दामाजी, कोलशेत. माजे डोल्यांसमोर लिवलं. बोलले, पोरी, लोकांसाठी ते, माझ्यासाठी हे. एकीचा एकच लेख घेतो, नि सगल्या भगिनींची नावं मी अशीच लिवून ठेवतो. कवा बी ये, काढून दाखवीन."

"आणि तुम्ही परत गेला नाहीत?"

"लगीन जालं ना. साठ वर्सांनी आलेय. दाखवा आता."

कुंडलिकरावांनी यादीवरची नजर उचलून सरांकडे पाहिले. ते हळूच म्हणाले, "सर, त्या खरडी..."

"हो," चांगदेव सर म्हणाले. "वाचकांच्या नव्हत्या त्या."

मित्रांनो, माझ्या आत दिवा आहे, पण त्या क्षणी मला सगळीकडे अंधार वाटला. एकेचाळीस बायकांची नावे माझ्या काचेवर पालथी ठेवली होती. जगात त्यांची तेवढीच एक नोंद होती. एका माणसाने शब्द देऊन ती जपली होती. आणि मी त्या प्रत्येकीला पांढरे म्हटले होते.

सरस्वती मॅडमचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. अभ्यास करणाऱ्या माणसाला लगेच विश्वास ठेवून चालत नाही. त्यांनी पडद्यावर एक लेख काढला आणि त्याचा मथळा मनुबाईंना सांगितला नाही. फक्त पहिले वाक्य वाचले, "शाळेत माझ्या शेजारी कोणी बसत नसे..."

"...अंगाला मासळीचा वास येतो म्हणत," मनुबाई पुढे बोलू लागल्या. त्यांची बोली गेली आणि शाळेत पाठ केल्यासारखे शुद्ध शब्द येऊ लागले. "तोच वास टोपलीत घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले, की त्यांच्या आया मला हाक मारून जवळ बोलावीत."

मॅडमचे बोट ओळीवरून सरकत होते. एकही शब्द चुकला नाही. लेख संपला, तरी मनुबाई थांबल्या नाहीत. "एक दिवस मी टोपली घरी ठेवून त्यांच्या दारात जाईन, आणि कोण बोलावते ते पाहीन."

"हे वाक्य इथे नाही, आजी."

"ते पंतांनी काढलं. बोलले, वाचक रागावतील. मी बोलले, रागावू दे. पन नाय ऐकलं."

मॅडमनी चष्मा काढला. हा लेख अर्धवट तुटल्यासारखा वाटतो, असे त्यांनीच प्रबंधात लिहिले होते. पंतांना कोळ्याच्या पोरीच्या तोंडचा शेवट जमला नाही, असा त्याचा अर्थ लावला होता. त्यांनी मनुबाईंचे दोन्ही हात धरले. "आजी, मी लिहून ठेवलं होतं की तुम्ही नव्हतातच."

"मी हाय ना," मनुबाई म्हणाल्या. "आता नाव दाखव."

आता काय दाखवणार? चांगदेव सरांनी सगळे खरे सांगितले. पेन्सिल यंत्राला दिसली नाही, कागद रद्दीत गेले. मनुबाईंना ते नीट उमगले नसावे. त्या पडद्यावरच्या कोऱ्या समासाकडे बघत राहिल्या. तेव्हा कुंडलिकराव उठले. त्यांनी त्या पानाची छापील प्रत काढली, पेन्सिलीला टोक केले आणि दोन्ही मनुबाईंपुढे ठेवले. "आजी, पंतांनी जिथं लिहिलं होतं, तिथं तुम्हीच लिहा. मी कॉम्प्युटरमध्ये घालतो."

मनुबाईंनी किती वर्षांत पेन्सिल धरली नव्हती कोण जाणे. जनाबाईंनी कागद दाबून धरला. 'म' काढायलाच वेळ लागला. मग 'नू', मग 'दामाजी'. हात हलका पडत होता, अक्षरे फिकी उमटत होती. लिहून झाल्यावर त्यांनी कागद डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि कुंडलिकरावांच्या हातात दिला.

कुंडलिकरावांनी कागद माझ्या काचेवर ठेवला आणि सवयीने बटण दाबले. मी सवयीने पाहिले. मधले काही नाही. काळे की पांढरे?

पडद्यावर पान आले. छपाई काळीशार, कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका. समास कोरा.

"पुसलं?" मनुबाईंनी विचारले.

सगळ्यांच्या देखत मी तेच केले, जे एकेचाळीस वेळा कोणी पाहत नसताना केले होते. जनाबाई पुढे झाल्या. घरून निघाल्यापासून त्या कुरकुरत होत्या, पण आता त्यांचा आवाज चढला. "आत्ता लिवलं ना तिनं! माज्या समोर लिवलं! असं कसं पुसता तुम्ही?"

कुंडलिकरावांनी माझी तऱ्हा बदलली. करडे. मी इतका हळू कधी सरकलो नसेन. दिवा समासावर आला, तेव्हा मला जे दिसले ते सगळे, जसेच्या तसे, मी सांगितले. मनू दामाजी. कागदाची सुरकुती, पेन्सिल जिथे अडली ती जागा, अंगठ्याचा डाग, काही म्हणजे काही सोडले नाही.

मनुबाईंनी पडद्याला बोट लावले. कुंडलिकराव मात्र माझ्या झाकणावर हात आपटून म्हणाले, "या डबड्यानं घोळ केला, आजी. मला माफ करा."

"त्याला कशाला मारतोस?" मनुबाई म्हणाल्या. त्यांनी आपला खरखरीत हात माझ्या झाकणावरून फिरवला. "त्याला सांगितलं तेवढंच केलं त्यानं. मी पन जलमभर तेच केलं."

रागावल्या असत्या तर बरे झाले असते. एखाद्याने शिव्या घातल्या, की निदान फिटल्यासारखे वाटते. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवले, आणि त्याने माझा अपराध दुप्पट झाला. कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि मला दिसत असून मी बोललो नव्हतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. कुंडलिकराव सोमवारीच उत्तमकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, दिवाळीची रद्दी आता कुठली? लगद्याला गेली." तरी कुंडलिकराव महिनाभर थेट मोहने गावापर्यंतची रद्दीची गोदामे धुंडाळत होते. काही मिळाले नाही. सरस्वती मॅडमनी प्रबंधातला तो सबंध भाग काढून टाकला. मार्च हुकला, एक वर्ष लांबले. नव्या भागात त्यांनी लिहिले, की 'एक भगिनी' हे एका बाईचे नाव नव्हते. तो एकेचाळीस जणींचा आडोसा होता. त्यातल्या एकीचे नाव मनू दामाजी. बाकी चाळीस कोण, ते आपल्याला कळणार नाही. आणि ते का कळणार नाही, तेही त्यांनी लिहिले. त्यात माझा उल्लेख आहे. आयुष्यात एका ग्रंथात माझे नाव आले, ते असे.

मॅडमनी वर्तमानपत्रात पत्रही दिले, की आपल्या घरातल्या कोणी पूर्वी 'गृहमंजिरी'त लिहीत असत का, ते विचारून पाहा. दोन घरांतून उत्तरे आली. आई काहीतरी लिहायची, असे दोघांनीही कळवले. काय लिहायची ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि विचारावे तर आया राहिल्या नव्हत्या.

गेल्या पावसाळ्यानंतर जनाबाई एकट्या आल्या. सोबत पिशवी नव्हती. मनुबाई भाद्रपदात गेल्या होत्या. घरात त्यांचा हार घातलेला फोटो लावला होता आणि त्याच्या शेजारी जनाबाईंना ते पान लावायचे होते.

"घरी कोन हसत नाय आता," त्या कुंडलिकरावांना म्हणाल्या. "आमचे मालक तर पावन्यांना वाचून दाखवतात. ते करडंवालं पान द्या, भाऊ. पांढरंवालं नको."

कुंडलिकरावांनी पान छापून दिले. कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका होता, तो काढू का म्हणून त्यांनी विचारले. जनाबाई म्हणाल्या, राहू दे.

आता वाचनालयात नवा स्कॅनर आला आहे. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, एका दमात सगळे रंग पाहतो. कुंडलिकराव जुना कागद त्याच्यावर ठेवण्याआधी भिंगातून सगळे समास पाहतात, आणि काम झाल्यावर कागद कपड्यात बांधून कपाटात ठेवतात. दारावरची पाटी अजून आहे, पण चांगदेव सरांच्या खिशात आता खोडरबर नसतो.

मित्रांनो, मला दया दाखवा म्हणून मी हे सांगितले नाही. माझ्या जागी आणखी पुष्कळ यंत्रे येतील आणि ती तुम्हाला दुधासारखी पाने दाखवतील. ती पाहून खूश व्हा, पण मूळ कागद टाकू नका. घरात एखादी म्हातारी काही सांगत असेल, तर हसण्याआधी तिला शेवटपर्यंत सांगू द्या. आणि कुठल्याही जुन्या पानाचा समास कोरा दिसला, तर तिथे कोणी नव्हते असे धरून चालू नका. मला विचारा. तिथे चाळीस जणी होत्या. मी त्यांना पाहिले होते, आणि त्यांतल्या एकीचेही नाव मला आठवत नाही.